आधी दिवा, मग जीव

पहाटे साडेचारला तानाबाईनं अंथरूण सोडलं. झोपून उठली असं म्हणता येणार नाही, कारण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापायला बसली. हात रोजच्यासारखे चालत होते. मनात मात्र कालपासूनची भीती होती.

आज तिच्या नवऱ्याला, किसनरावला, अन्नपूर्णाबाईच्या जुन्या विहिरीत उतरायचं होतं.

तसं पाहिलं तर त्यात नवं काही नव्हतं. किसनराव विहिरी खोदणारा माणूस. मोताळ्यापासून नांदुऱ्यापर्यंत त्याच्या हातच्या विहिरींचं पाणी लोक पीत होते. तो खाली, तानाबाई वर. ती यारी चालवायची. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवायचा इंजिनाचा रहाट. त्याच्या तारेला लोखंडी डोल लटकतो. त्या डोलातून खालचा दगड वर येतो आणि वरचा माणूस खाली जातो. डोल सोडायचा म्हणजे नुसता ब्रेक ढिला करायचा असं नाही. तार सरळ उतरते का, डोल कपारीला घासतो का, खालच्याचा पाय कुठं आहे, हे हाताला कळावं लागतं. तानाबाईच्या हाताला ते कळायचं. सुरुवातीला बाई यारीवर म्हणून येणारे-जाणारे थांबून बघायचे. पुढं कुणी थांबेना. काम चोख झालं की त्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

भीती होती ती भुकटीची.

गेल्या वर्षी पेरणीच्या आधी अन्नपूर्णाबाईच्या वावरात ट्रॉल्याच्या ट्रॉल्या दगडाची भुकटी पडली. खत नाही, मुरूम नाही. गिट्टीच्या खदानीवरची काळी, पिठासारखी भुकटी. नांदुऱ्याची पुष्पांजली नावाची एक शिकलेली पोरगी कुठल्याशा संस्थेकडून ते काम बघत होती. तिनं शाळेच्या ओट्यावर लोकांना बसवून सांगितलं होतं की ही भुकटी हवेतला कार्बन वायू धरते, तो पाण्यात मिसळतो, पाणी जमिनीत मुरतं आणि त्याच्याबरोबर कार्बन विहिरीत उतरतो. लोकांनी माना हलवल्या, चहा घेतला आणि घरी जाताना ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. तानाबाईनं त्यातलं एकच वाक्य घरी आणलं. कार्बन वायू विहिरीत उतरतो.

कार्बन वायू काय असतो हे तिला दुसऱ्यानं सांगायला नको होतं. विहिरीवाले त्याला नुसतं 'गॅस' म्हणतात. तो दिसत नाही. त्याला वास नाही. हवेपेक्षा जड, म्हणून तळाला साचून राहतो. खाली गेलेला माणूस दोन श्वासांत गुडघ्यावर येतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. तिच्या माहेरच्या गावी एका विहिरीनं सख्खे भाऊ असे एकामागून एक नेले होते. तानाबाई तेव्हा लहान होती. काठावर बसलेली त्यांची आई अजून तिच्या डोळ्यांपुढं होती. ती रडत नव्हती. नुसती विहिरीत बघत होती.

"आज जाऊ नका," भाकरी उलटता उलटता तानाबाई म्हणाली.

किसनराव दाराशी बसून तंबाखूची मिश्री लावत होता. "काऊन?"

"त्या वावरात भुकटी हाये. साऱ्या वर्षाचा गॅस त्या विहिरीत उतरला असंन."

"भुकटी काय साप हाये का व, बिळात जाऊन बसाले? बाईच्या कपाशीची पऱ्हाटी मेली का त्यानं? कमरेएवढी झाली."

"पऱ्हाटी वर उभी राह्यते. तुमी खाली जासान."

"मंग दिवा हाये ना आपला," तो म्हणाला आणि चूळ भरायला उठला. त्याच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं.

दिव्याचा नियम त्याच्या उस्तादानं घालून दिलेला. आधी दिवा, मग जीव. कितीही घाई असो, मालक किती का ओरडेना, माणूस उतरायच्या आधी पेटता दिवा दोरीला बांधून तळापर्यंत सोडायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं. विझला तर त्या दिवशी विहिरीकडं पाठ करायची. किसनरावनं हा नियम कधी मोडला नव्हता, तानाबाईनं मोडू दिला नसता.

पूर्वी कंदील होता. पुढं रेशनवर रॉकेल मिळेना. मग कंदिलाची काच फुटली, तशी काच बाजारात मिळेना. तेव्हा तानाबाईनंच मोताळ्याच्या आठवडी बाजारातून बॅटरीचा कंदील आणला. रंगानं लाल, वर पकडायला कडी, अगदी जुन्यासारखा. विकणाऱ्यानं तो पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवला होता. "वाऱ्यानं विझत नाही, पाण्यानं विझत नाही. मावशी, हा कशानंच विझत नाही!" तानाबाईला तो फार आवडला. जुना कंदील डोलाच्या नुसत्या धक्क्यानं विझायचा, मग पुन्हा वर ओढा, पेटवा, सोडा. अर्धा तास फुकट. यात ते काही नव्हतं.

निघताना तिनं जुन्या लुगड्याची एक जाड चिंधी किसनरावच्या हातात दिली. रोज द्यायची. ती कमरेत घालून डोलाच्या साखळीला बांधायची असते, म्हणजे चक्कर आली तरी माणूस डोलातून बाहेर पडत नाही.

"बांधून घेजा."

"मी काय बकरी हाये का, दाव्याले बांधाले?" हेही तो रोज म्हणायचा. चिंधी त्यानं खिशात कोंबली. बांधत तो कधीच नसे. हात मोकळे नसले की काम होत नाही, असं त्याचं म्हणणं.

यारी आदल्या दिवशीच ट्रॅक्टरनं नेऊन रोवली होती. दोघं पायी वावरात पोचले तेव्हा आभाळ खाली आलं होतं. पाऊस नाही, वारा नाही. पान हलत नव्हतं. अन्नपूर्णाबाईच्या खोपीतून चुलीचा धूर निघत होता, पण वर जात नव्हता. जमिनीलगत पसरून बांधापाशी साचला होता. तानाबाईनं तो पाहिला. तिला बरं वाटलं नाही. का, ते सांगता आलं नसतं.

अन्नपूर्णाबाई खाटेवर बसून तुरीच्या शेंगा निवडत होती. केस सगळे पांढरे, जीभ अजून धारेची. "आले का? मले वाटलं दुपारच्या जेवणालेच येता आता."

"बाई, यारी काय टोपली हाये, झटक्यात उचलाले? तार तपासा लागते, ब्रेक पाहा लागते."

"तपास बापा. जीव तुह्या नवऱ्याचा हाये, माहा काय जाते!"

बोलली सहज. पण तानाबाईनं तार दोनदा तपासली.

जुनी विहीर वावराच्या खालच्या कोपऱ्यात होती. आठ परस खोल, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. तिच्यावर मोटार नव्हती, बरीच वर्षं कुणी उतरलं नव्हतं. भिंतीतून उंबराची रोपं आली होती, तळाला थोडं पाणी आणि कुजलेल्या पाल्याचा थर. वरची जाळी कालच काढली होती. पुष्पांजलीला हीच विहीर हवी होती. मोटारीनं उपसलेलं पाणी तिला नको होतं. खडकाच्या भेगेतून थेंब थेंब येणारं, भुकटीच्या वावरातून मुरून आलेलं पाणी हवं होतं. वरून सोडलेली बाटली त्या भेगेला लागत नव्हती. माणसानं जाऊन हातानं धरायला पाहिजे होती.

पुष्पांजली गोणपाटावर बाटल्या मांडून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. तानाबाई इंजिनाला हात लावायच्या आधी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पोरी, एक खरं सांग. तुह्या भुकटीचा गॅस या विहिरीत हाये का?"

पुष्पांजलीनं मान वर केली. "भुकटीचा गॅस? नाही व मावशी. कोण म्हणलं?"

"तूच म्हणली. शाळेत. कार्बन विहिरीत उतरते म्हणे."

पोरीनं कपाळाला हात लावला. हसली नाही, हे तानाबाईला आवडलं. "बसा दोन मिनिटं. काका, तुमीबी या. मी तेव्हा नीट नाही सांगतलं."

मग ती सांगू लागली. पायाखालचा हा काळा दगड ज्वालामुखीतून ओतलेल्या रसाचा. थरावर थर, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत तोच. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन वायू पिऊन घेतं आणि थोडं आंबट होतं. ते आंबट पाणी दगडाला चाटतं. रोज जरा जरा. दगड कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते.

"मेलेला दगड," किसनराव म्हणाला. "हातोडी मारली का भद्द वाजते. जिवंत असला तं ठण्ण."

"हाव काका, तोच. दगड मरते तेव्हा तो वायू फुकट जात नाही. पाण्यात विरघळून वेगळीच चीज होते. मावशी, भज्याच्या पिठात सोडा टाकता ना? त्याचाच भाऊबंद समजा. तो पाण्यासंगं नळगंगेत जाते, पूर्णेत, तापीत, मंग समुद्रात. तिथं त्याचा चुनखडीचा दगड होते अन् लाखो वर्षं तसाच बसते. म्हणून तं पृथ्वी इतके दिवस उकळून नाही गेली. ज्वालामुखी वायू ओकते, दगड तो खाते. पण दगडाची खायाची चाल मुंगीची, अन् आपण धूर काढून राह्यलो घोड्याच्या चालीनं. दगडाचं पीठ केलं का तो लवकर खाईन, असं वाटते आमाले. खरंच खाते का, किती खाते, हेच मोजाचं हाये. म्हणून ही बाटली."

"म्हणजे विहिरीत येते तो सोडा," तानाबाई म्हणाली. "गॅस नाही."

"भुकटीतून येते तो सोडा. गॅस विहिरीत राहू शकते मावशी, नाही असं नाही. पण तो जमिनीच्या पोटातलाच. मुळं श्वास टाकतात, पाला कुजते, त्याचा. भुकटी असो का नसो." तिनं हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "तुमी दिवा सोडता ना आधी?"

"सोडतो तं! त्याच्याबिगर हे उतरतच नाही."

"मंग झालं," पुष्पांजली म्हणाली आणि पुन्हा चिठ्ठ्यांकडं वळली.

तानाबाईनं मोठा श्वास सोडला. भुकटी निर्दोष होती. सोडा होता. तिनं लाल कंदिलाचं बटण दाबलं, कडीला दोरी बांधली आणि तो हळूहळू खाली सोडला. उंबराच्या रोपांमधून उजेड सरकत गेला आणि पाण्याजवळच्या खडकावर जाऊन टेकला. दोघांनी वाकून पाहिलं. दिवा जळत होता. लख्ख.

"पाह्य," किसनराव म्हणाला. "उगाच रात्रभर कूस बदलत होती."

तो डोलात उभा राहिला. एका हातात हातोडी, कमरेला बाटलीची पिशवी. तानाबाईनं इंजिन सुरू केलं, ब्रेक ढिला केला. डोल काठाखाली गेला. त्याचं डोकं दिसेनासं झालं. खालून हातोडीचा आवाज येऊ लागला. उतरताना भिंतीवर ठोकत जायची त्याची जुनी सवय. दगड कसा आहे ते त्याला कळायचं, आणि तो कुठं आहे ते तिला. आधी भद्द, भद्द. मुरमाचा थर. मग ठण्ण. जिवंत दगड लागला. ठण्ण. ठण्ण.

पुष्पांजली चिठ्ठ्यांचं काम आटोपून काठावर आली आणि खाली डोकावली.

"मावशी, दिवा इतका पांढरा कसा दिसते?"

"बॅटरीचा हाये ना," तानाबाई ब्रेकवरचा हात न काढता म्हणाली.

पुष्पांजली आणखी खाली वाकली. तानाबाईनं तिच्याकडं पाहिलं. पोरीच्या तोंडाचा रंग गेला होता.

"मावशी, तुमी गॅस पाहाले सोडला तो दिवा हाच?"

"हाच. जळून राह्यला ना."

"मावशी, बॅटरीचा दिवा हवा खात नाही. तो गॅसमंधीबी जळते. पाण्यातबी जळते."

पाण्यातही जळतो. बाजारातली ती बादली तानाबाईला दिसली. पाण्यात बुडालेला, तरी पेटलेला लाल कंदील. तिनं स्वतः पाहिला होता. पाहून खूश झाली होती.

ठण्ण.

मग काही नाही.

तिनं ब्रेक आवळला. तार थरथरून थांबली. "अवो!" तिनं हाक मारली. इंजिनाच्या वर आवाज चढवून पुन्हा मारली. "अवो, बोला ना! हातोडी वाजवा!"

खालून उत्तर आलं नाही. पांढरा दिवा तळाला तसाच जळत होता. त्याच्या वर डोल हळूहळू गोल फिरत होता. डोलात काळं काहीतरी वाकलेलं होतं. तेवढंच दिसलं.

पुष्पांजलीनं चपला काढल्या. भिंतीत जुन्या लोखंडी कड्या होत्या, तिचा हात पहिल्या कडीकडं गेला.

"खबरदार!" तानाबाई ओरडली. असा आवाज आपल्याला आहे हे तिला माहीत नव्हतं. "एकाचे दोन नाही कराचे! बाजूले हो!"

आता सगळं तिच्या हातात होतं.

डोल वर घ्यायचा, पण कसा? जोरात घेतला तर तो झोका घेणार, कपारीवर आपटणार. आत माणूस नुसता वाकून पडलेला असला तर पहिल्या धक्क्याला बाहेर जाणार, थेट तळाला, गॅसमध्ये. मग त्याला कुणीच काढू शकणार नव्हतं. हळू घ्यावा तर एकेक श्वास त्याच गॅसमध्ये. तो बांधलेला असता तर प्रश्न नव्हता. चिंधी त्याच्या खिशात होती. मी काय बकरी हाये का! रोज खिशातच राहायची.

एवढा विचार व्हायला वेळ लागला नाही. सांगायलाच लागतो. माहेरच्या विहिरीवरची ती आई तिला दिसली, नुसती खाली बघत बसलेली. तानाबाईनं दात आवळले आणि इंजिनाचा जोर वाढवला.

अगदी जोरात नाही, अगदी हळू नाही. तार एका चालीनं, मध्ये हिसका न देता यायला पाहिजे. डावा हात ब्रेकवर, उजवा इंजिनावर, डोळे तारेवर. तार डावीकडं झुकली की ती किंचित थोपवायची, सरळ झाली की सोडायची. उंबराच्या रोपाला डोल अडला. लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला. तिनं डोल वीतभर खाली दिला, फिरू दिला आणि पुन्हा उचलला. सुटला. आयुष्यभर दगड वर काढला होता. दगड पडला तर दुसरा भरता येतो.

आधी साखळी दिसली. मग किसनरावचं डोकं, साखळीवर टेकलेलं, तोंड उघडं. मग कंबर.

कमरेत लुगड्याची चिंधी होती. साखळीला दुहेरी गाठ मारलेली.

अन्नपूर्णाबाई खाटेवरून कधी उठून आली कुणास ठाऊक. म्हातारीनं आणि पुष्पांजलीनं डोल काठाकडं ओढून धरला, तानाबाईनं तो टेकवला. गाठ सुटेना. अन्नपूर्णाबाईनं कमरेचा विळा काढून चिंधी कापली. तिघींनी त्याला उचलून बाभळीखाली आडवा केला. चेहरा राखेसारखा. ओठ निळे.

"किसना! ए किसना! उठ बे!" म्हातारी त्याच्या गालावर मारत होती. पुष्पांजली त्याच्या नाकातोंडात श्वास भरत होती. तानाबाई पाय धरून बसली होती. हाताखाली पाय गार होते. तिनं ते चोळायला घेतले, थांबलं तर ते तसेच राहतील अशा भीतीनं चोळत राहिली.

मग छाती एकदा जोरात वर आली. तो खोकला. ओकला. पुन्हा खोकला. तो खोकला ऐकून तानाबाईनं कपाळ त्याच्या पायांवर टेकलं.

पुष्पांजलीच्या भाड्याच्या गाडीतून त्याला मोताळ्याच्या दवाखान्यात नेलं. नाकावर ऑक्सिजनची नळी लावली. दुपारपर्यंत ओठांचा रंग परत आला. डोळे उघडल्यावर त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलला.

"बाटली नाही भरली."

"बाटलीच्या मढ्यावर धोंडा," तानाबाई म्हणाली. मग पांघरूण सारखं करत विचारलं, "चिंधी काऊन बांधली आज? कधी बांधत नाही ते?"

तो छताकडं बघत राहिला. "तू रातभर झोपली नाही. म्हटलं, बांधू. बकरी तं बकरी."

ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. खऱ्या भीतीनं तिला तिथं गाठलं. सकाळची भीती मनात होती, ही हाडांत शिरली. लाल कंदील आणल्यापासूनच्या विहिरी तिला एकेक करून आठवू लागल्या. बांधावरची, मळ्यातली, नदीकाठची, शाळेमागची. प्रत्येक वेळी तिनं दिवा सोडला होता, वाकून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, जळून राह्यला, उतरा. प्रत्येक वेळी तो वर आला होता. नियमामुळं नाही. तिथं गॅस नव्हता म्हणून. नियम त्यांच्याजवळ राहिलाच नव्हता, नुसता उजेड राहिला होता. ती भुकटीला भ्याली आणि कंदिलाला नाही.

पुष्पांजली येऊन तिच्याशेजारी बाकावर बसली. "मी दिवा म्हणली अन् तुमीबी दिवा म्हणल्या," ती म्हणाली. "माह्या मनात वातीचा होता."

तानाबाईनं मान हलवली. "तू विचारलं नसतं पांढरा कसा म्हणून, तं मी अजून ब्रेकच सोडत राह्यली असती." मग तिच्याकडं वळून, "तो गॅस अन् दगड खाते तो, एकच का व?"

"एकच मावशी. दगडापर्यंत गेला, पाण्यात विरघळला, तं माती होते. नाही गेला तं असा खाली साचते. आज वारा नव्हता, आभाळ दाबून बसलं होतं. असल्या दिवशी हवेचा दाब कमी होते, अन् जमिनीच्या पोटातला वायू बाहेर निघते."

तानाबाईला सकाळचा धूर आठवला. बांधापाशी साचलेला. डोळ्यांनी दिसत होता.

पुढं पुष्पांजलीनं दोन-तीन लांब बांबू एकाला एक जोडून त्यांच्या टोकाला बाटली बांधून त्याच भेगेचं पाणी वरूनच धरलं. एवढं सोपं होतं ते, पण आधी सुचलं नव्हतं. भुकटीनं किती वायू धरला असं अन्नपूर्णाबाईनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, पहिल्या वर्षाचा फरक फार दिसत नाही, अजून पाहावं लागेल. "मंग एवढ्यासाठी आमचा किसना मारत होती का व पोट्टे?" म्हातारी म्हणाली. तेव्हापासून पोरगी विहिरीवर येताना आधी खिशातली काडेपेटी चाचपायची.

किसनराव थोडे दिवस घरी बसला आणि मग कामाचं बोलू लागला. दुसरं काही त्याला येत नव्हतं. वय उतरणीला लागलेला माणूस दगड फोडायचा सोडून काय करणार! तानाबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तांदळाच्या डब्यात गेल्या उन्हाळ्याची दोघांची मजुरी ठेवली होती. जुनी का होईना, मोटारसायकल घ्यायची असं त्याच्या मनात होतं. कामावर पायी जाऊन पाय दुखतात म्हणायचा. एका सकाळी ती डबा रिकामा करून एकटीच नांदुऱ्याच्या बसमध्ये बसली.

बाजारात एका दुकानाबाहेर लोहाराचा हातपंखा टांगलेला होता. दांडा फिरवला की तोंडातून वारा येतो, भट्टी फुलवायला वापरतात तो. तानाबाईनं तो खाली काढायला लावला.

"लोहारकाम करता का मावशी?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. नवऱ्याले हवा घालाची हाये."

दुकानातली माणसं हसली. "नशीबवान दिसते नवरा! घरातला पंखा पुरत नाही का त्याले?"

"तो आठ परस खाली राह्यते," तानाबाई म्हणाली. हसणं थांबलं.

तिनं दांडा धरून फिरवून पाहिला. जड होता. पण यारीच्या ब्रेकपेक्षा नाही. पंख्याच्या तोंडाशी दुसरा हात धरला. वारा चांगला लागला. त्या तोंडावर बसेल असा, शेतात पाणी द्यायला वापरतात तो लपेटा पाइप तिनं मागितला. आठ परस पुरेल म्हणून दुकानदार कापायला निघाला, तर तिनं त्याचा हात धरला.

"बारा दे. विहिरी साऱ्या सारख्या नसतात."

मोटारसायकल त्यातच संपली. जे उरलं त्याच्या तिनं मेणबत्त्या घेतल्या आणि काडेपेटी.